समोच्च

साडेसातला अल्फिया आली,
भूगोलाच्या पुस्तकात बोट अडकवून.
"काकू, समोच्च रेषा म्हणजे काय हो?"
मी काजं करत होते, दातांत दोरा.
म्हटलं, आधी गणिताचं काढ, ते जमतं मला.
छाती छत्तीस, चौथा भाग नऊ, वर दीड इंच सैल.
अपूर्णांक मी पाठ केले नाहीत,
कापले.
भूगोल मात्र सातवीतच राहिला,
शाळेबरोबर.

तिनं वाचून दाखवलं:
सारख्या उंचीची ठिकाणं जोडणारी रेषा.
"पण अशी रेषा खरी कुठं असते का?
दिसते का कुणाला?"

मी दोरा तोडला. मान वर केली
तर समोरच होती ती.
कपाटामागून निघून दाराच्या चौकटीपर्यंत,
सांडलेल्या चहाच्या रंगाची,
तीनदा चुना मारला तरी वर येणारी.
त्या ऑगस्टात आम्ही
आयर्विनला पाणी किती, आयर्विनला पाणी किती
करत बसलो होतो,
आणि पुलावरचे फूट
गावभागात इंच होऊन शिरले.

"ही बघ," म्हटलं. "मोज."

टेप साठ इंचांचा. तिथं मी बोट धरलं,
वर आणखी चौदा. चौऱ्याहत्तर.
तिनं हातावर लिहिलं, वही घरी होती.
मग बोळ धरला आम्ही दोघींनी.
तिच्या घरात सहासष्ट.
कोष्ट्यांकडे एक्क्याऐंशी, स्टुलावर चढून.
मगदुमांच्या जोत्यावर फक्त चाळीस,
आणि मगदूम म्हणाले, कशाला मोजताय, नुकसानभरपाई आली का?
आवट्यांनी दिवाळीत ऑइल पेंट दिलेला, रेघच नाही.
त्यांच्या सुनेनं कणकेचा हात
न चुकता स्वतःच्या नाकापाशी नेला.
"इथपर्यंत."
अल्फियानं नाकापर्यंत टेप धरला. सत्तावन्न.
"नाक लिहू का, काकू?"
"सत्तावन्न लिही."

परत आलो तर ती रडवेली.
"सगळीकडे वेगवेगळं आलं. मग सारखी उंची कशी?"
आता हे पुस्तकात नव्हतं बहुतेक,
पण माझ्या धंद्यात आहे.
परकर कमरेपासून मोजला की किनार वाकडी येते,
प्रत्येकीचं अंग वेगळं.
म्हणून बाई उभी करायची
आणि फरशीपासून वर मोजायचं.
"पाणी सरळच होतं गं," म्हटलं,
"वाकडी आहे ती जमीन."

ती बराच वेळ गप्प.
मग खाकी कागद ओढला, ब्लाउजच्या मापाचा,
शिवणखडूनं बोळ काढला,
दहा पावलांना एक सेंटिमीटर,
आणि वजाबाक्या करत सुटली.
चौऱ्याहत्तर वजा चाळीस, चौतीस.
मगदुमांची फरशी आमच्यापेक्षा चौतीस इंच वर.
हे आम्हाला ठाऊक होतं तसं,
आकड्यात नव्हतं.
कोष्टी सगळ्यांत खाली, मग आम्ही.
तिनं आमच्याभोवती एक गोल काढला, कोष्ट्यांभोवती आत दुसरा,
आणि खूश होऊन म्हणाली,
"काकू, आपण खळग्यात आहोत!"

दहापैकी सात मिळाले.
लाल शाईत: उंची समुद्रसपाटीपासून द्यावी.
अल्फिया म्हणाली, समुद्र कुठं मोजायला जाऊ?
सात म्हणजे सत्तर टक्के, काकू. चालतंय.

ती गेल्यावर मी मशीनजवळ बसले.
त्या सालापासून ते विटांवर आहे.
वीट तीन इंच, एकावर एक चार. बारा.
चौऱ्याहत्तरातून बारा गेले, बासष्ट.
मशीनच्या पायापासून रेघेपर्यंत
अजून बासष्ट.
हे उदाहरण मी तिला घातलं नाही.

दिवा जवळ ओढला.
पुढचं माप चौतीस,
चौथा भाग साडेआठ,
वर दीड इंच सैल.